दार्मिया मावशीची ओहोटी

"मावशी, आता तरी 'उतरा' म्हण की! पोरं रडून रडून निजली," मावर्दी म्हणाला. गावचा मुखिया तो, पण टेकडीवर त्याला कुणी विचारत नव्हतं.

दार्मिया मावशीने समुद्रावरची नजर हलवली नाही. "तुला घाई असेल तर जा तू. जाताना लुंगी तेवढी वर खोच, पोहायला बरं पडेल."

लोक हसले, पण उठलं कुणीच नाही.

आमच्या बेटावर पोर चालायला लागलं की त्याला एक गोष्ट सांगतात. जमीन हलली आणि समुद्र मागे हटला की स्मोंग येतो, पाण्याची भिंतच. तेव्हा सगळं टाकून टेकडी गाठायची. पाणी येऊन गेलं, की गावातलं सगळ्यांत म्हातारं माणूस 'उतरा' म्हणणार, आणि मगच उतरायचं. फार पूर्वी काही लोक उघड्या खडकावर मासे वेचायला धावले होते. त्यांच्या कबरीसुद्धा नाहीत.

तीन महिन्यांमागे तो आलाच होता. घरंदारं घेऊन गेला, पण मावशी ओरडत सुटली म्हणून माणूस एकही गेलं नाही. तेव्हापासून तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

या खेपेचा हादरा त्याहून वाईट. माझी म्हैस चक्क गुडघ्यांवर बसली. टेकडीवर पोचून पाहिलं, तर समुद्र लांब गेलेला आणि पोवळ्याचा अख्खा खडक उघडा पडलेला. आम्ही वाट बघत बसलो. पाणी काही येईना. दुसरा दिवस गेला, तिसरा उजाडला. उकडलेली केळी संपली, शहाळी संपली. मावर्दीच्या सुनेचं तान्हं तापाने फणफणलं होतं.

मला मात्र मावशीचं काहीतरी खटकत होतं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मी जवळ जाऊन बसले.

"मावशी, तुला काहीतरी कळलंय. आमच्यापासून लपवू नकोस."

"भरती बघितलीस?"

"कुठे आली भरती?"

"आली की. आली नि गेली, रोजच्यासारखी. तिथंच, त्या टोकाला." तिने हनुवटीने दाखवलं. "समुद्र कुठं गेला नाही ग. आपणच वर आलोय. बेटच उचललं गेलंय."

मी विचारलं, "मग उतरायला हरकत काय?"

तिने उघड्या खडकाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मी 'उतरा' म्हटलं, की समुद्र आता त्या खडकावर परत यायचा नाही हे मीच सांगितल्यासारखं. साऱ्या गावाला तो यायला नकोय. मला एकटीलाच हवाय."

मावशीचा नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. ओहोटी लागली की लोखंडी आकडी घेऊन ती खडकावर जायची, ऑक्टोपस धरायला. एकेक बीळ तिला शेजारपाजारच्या घरासारखं माहीत. हा लबाड, तो आळशी, ती कोपऱ्यातली नुसती चिडकी. 'मावशीची सोयरीक पाण्यात,' अशी चेष्टा आम्ही सगळेच करायचो. पण तिच्या दारात बसून दोन शब्द बोलायला आमच्यातलं कोण जात होतं? मी भिंतीला भिंत लावून राहते, तरी गेले नाही.

तेवढ्यात ते तान्हं पुन्हा रडलं, चिरक्या, दमलेल्या आवाजात. मावशीने तिकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात रोवून उठली.

"सगळे इथेच थांबा. आधी मी बघून येते. चुकलं माझं, तर एक म्हातारीच जाईल."

"अगं, पण..." मावर्दी उठला.

"बस खाली! मुखिया आहेस ना? मग लोकांना धरून ठेव."

आम्ही वरून बघत राहिलो. ती वाळू ओलांडून खडकावर गेली. एका जागी ओणवी झाली आणि कोपरापर्यंत हात बिळात घातला. हात बाहेर काढायला तिला इतका वेळ लागला, की मला वाटलं अडकला. मग ती उभी राहिली, आमच्याकडे वळली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, "उतराऽऽ!"

लोक धावत सुटले. कुणी अल्लाहचे आभार मानत होतं, कुणी विहिरीकडे पळत होतं. मावशीकडे कुणी वळलं नाही. मीही नाही, माझ्या म्हशीला पाणी हवं होतं.

संध्याकाळी चूल पेटल्यावर मला तिची आठवण झाली. जेवायला बोलवायला खडकावर गेले, तर तिथे मेलेल्या जिवांचा वास मारू लागला होता. मावशी त्याच बिळापाशी वाकून बादलीतलं खारं पाणी आत ओतत होती. पाणी खडकात जिरून जात होतं.

"आत कुणी आहे का ग?" मी विचारलं.

"होता," ती म्हणाली.

मग रिकामी बादली उचलून ती पुन्हा पाण्याकडे निघाली. पाणी आता फार लांब होतं.