मोठ्यांच्या मात्रेवर

सोमवारी सकाळी अकोल्याच्या त्या स्कॅन सेंटरमध्ये नेहमीसारखीच गर्दी होती. तंत्रज्ञ रश्मी पुढच्या पेशंटला बोलवायला बाहेर आली, तेव्हा बाकावर अंजनगाव सुर्जीचे अब्दुल सत्तार आपल्या सात वर्षांच्या नातीला, यास्मीनला, घेऊन बसले होते. पोरीचं डोकं वर्षभर दुखत होतं. नव्या डॉक्टरांनी पुन्हा सीटी स्कॅन लिहून दिला होता. आधीचे फोटो त्यांनी मागितलेच नव्हते.

यास्मीन न सांगता टेबलावर चढली, डोळे मिटून हात पोटावर ठेवून निजली. एवढ्याशा जिवाला हे इतकं सवयीचं झालेलं पाहून रश्मी थबकली. तिनं संगणकावर जुनी नोंद उघडली. आठ महिन्यांत इथंच दोन स्कॅन. तिसरा अमरावतीला झालेला, त्याचे फोटो आजोबांच्या पिशवीत होते. इथले दोन्ही तिनंच काढले होते, मोठ्या माणसाच्या मात्रेवर.

यंत्रात लहान मुलांसाठी कमी किरणांची वेगळी सेटिंग होती. पण सेंटरच्या डॉक्टरांना फोटो लख्ख हवा असे. त्या सेटिंगच्या नादी लागू नको, असं वरिष्ठ तंत्रज्ञ अश्विननं तिला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. तिनं ते ऐकलं होतं.

आज तिनं यास्मीनला खाली उतरवलं. पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करून, आधीचे तिन्ही स्कॅन एकदा पाहाल का, असं विचारलं. ते चिडले, पण फोटो पाठव म्हणाले.

अब्दुल सत्तार मात्र दुखावले. "आमी खेड्यातले मनून मशीन लावून नाई राहिली काय, बेटी?"

"नाई, चाचा. याचे किरण लेकराले मोठ्या माणसापेक्षा जास्त बाधतात. गरज असली तं काढाच लागते. पण मांगचे दोन मीच काढले, मोठ्या माणसाच्या मात्रेवर. चूक माई हाय."

अब्दुल सत्तारांनी नातीला जवळ ओढलं. "मंग पोरीले काई होईन काय?"

"बहुतेक काईच नाई होणार. पण पक्कं मले सांगता येत नाई."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसते नातीच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

दुपारी त्या पाठवणाऱ्या डॉक्टरांनी जुने फोटो पाहून पोरीला डोळे तपासायला धाडलं. चष्मा लागला. शाळेतल्या फळ्यावरचं दिसतं का, हे तिला वर्षभरात कुणी विचारलंच नव्हतं.

रश्मीला मात्र चैन पडेना. तिनं आपल्या इथल्या चार वर्षांच्या नोंदी काढल्या. दोनशे अकरा मुलं. काहींचे चेहरे आठवले, काहींचे नुसते मोजे. "दुखते काय?" असं विचारणाऱ्या एका पोराला तिनं हसून सांगितलं होतं, "काईच होत नाई."

संध्याकाळी ती आरोग्य खात्याला अर्ज लिहायला बसली. नोकरी जाईल, असं अश्विन दोनदा सांगून गेला. तिनं पहिलं वाक्य लिहिलं: 'या सेंटरमध्ये लहान मुलांचे स्कॅन मोठ्यांच्या मात्रेवर काढले जातात.' वाचलं. मग 'काढले जातात' वर काट मारून तिथं लिहिलं, 'मी काढले.'