ताप उतरल्यावरची आंघोळ

कल्याणात सकाळी शेजारी कोणी अंगावर तांब्याने पाणी घेऊ लागलं, की डॉक्टर प्रभाकर गुप्ते कानांवर पांघरूण ओढत. वर्ष उलटलं, तरी तो आवाज त्यांचा पिच्छा सोडत नव्हता.

गोष्ट १८८४ सालची. झाडाच्या सालीतून निघणारं हिवतापावरचं कोयनेल आपण डांबरातल्या ॲनिलीनपासून करू, असं या गृहस्थांच्या मनाने घेतलं. हौस दांडगी! मागच्या पडवीत ॲनिलीन, ग्लिसरीन आणि गंधकाम्ल तापवून त्यांनी उग्र वासाचं एक तेल काढलं. कार्बनच्या कड्यात नायट्रोजन बसलेला, अगदी कोयनेलच्या गाभ्यासारखा. तेलाची पुढे पांढरी पूड केली, ती सशाला चारली, मग स्वतः घेतली. दोघेही ठणठणीत. आता फक्त तापाचा माणूस हवा होता, आणि जवळच्या मोहने गावात तापाला काय तोटा?

तिथल्या धोंडीबाला त्यांनी एक पुडी दिली, दोन त्याच्या आईपाशी ठेवल्या. दुपारपर्यंत त्याला दरदरून घाम फुटला, अंग गार झालं. निघताना त्याची नखं निळी दिसली, पण आनंदाच्या भरात डॉक्टरांनी कानाडोळा केला. ताप उतरला की कडुनिंबाच्या पाण्याने न्हाऊ घालायचं, ही गावची रीत. आई रखमाबाईने तसं घातलं. दिवेलागणीला धोंडीबा गेला.

आईनेच घाई करून पोराला पाण्याने मारलं, असं सगळा गाव म्हणाला. मयतीला बायका तिला तोंडावर बोलत होत्या. डॉक्टरांना ती निळी नखं, विषाची ती खूण, आठवत होती, आणि ते खाली मान घालून गप्प उभे राहिले. मेलेला माणूस पाठीस लागतो म्हणतात. यांच्या पाठीस मात्र जिवंत बाई लागली. डोळे मिटले की ती हातात तांब्या घेऊन समोर उभी राही.

पडवीला कुलूप लागलं. पण आज मोहन्याहून निरोप आला, धोंडीबाची पोर कलावती तापाने फणफणली आहे. डॉक्टर पोचले तेव्हा रखमाबाई देव्हाऱ्यातून त्या दोन पुड्या काढत होती.

"औषद गुनाचं व्हतं, डागदर," ती म्हणाली. "चूक माजी झाली. या बारीला न्हाऊ घालनार नाय."

औषध जुनं झालं म्हणावं आणि सुटावं, असं डॉक्टरांच्या अगदी ओठांवर आलं. समोर तिचा खंगलेला चेहरा होता. त्यांना स्वतःची किळस आली.

"रखमाबाई, तो पाण्याने नाही गेला. या पुडीने गेला. मला तेव्हाच कळलं होतं."

ती रडली नाही. पुड्या तिने चुलीत टाकल्या आणि पोरीला आधी खरं कोयनेल द्या म्हणाली. त्यांनी ते पाजलं. मग तिने दार सताड उघडलं.

"आता भायेर या. जे मला सांगितलंत, ते मला बोलनाऱ्या बायांम्होरं सांगा."

डॉक्टर उठले. रखमाबाई अंगणात उभी राहून आळीतल्या एकेकीला नावाने हाक मारत होती.