कोरा रकाना

कार्तिक लागला तशी तांड्यावर माणसं पिवळी पडायला लागली. आधी रामधन गेला, मग आठ-आठ दिवसांच्या अंतरानं दोन बायका. लाल्या रोगानं कपाशी वाळत होती, उरलीसुरली बोंडं वेचायला हात पुरत नव्हते, आणि वेचणारेच खाटेला खिळले होते. महागावहून पथक आलं, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकून गेलं. पुढं पाण्याचा अहवाल आला, तर पाणी स्वच्छ निघालं.

जया उपकेंद्राची नर्स. तांडा तिच्या माहेरचाच. छापील फॉर्म घेऊन ती आठ दिवस दारोदार फिरली. कुठं जेवलात, कुणाच्या लग्नाला गेलात, पाणी कुठून भरता, सगळं लिहून तिनं कागद आरोग्य केंद्रात नेले. तिथल्या डॉक्टर फरहा नेर गावच्या, वर्षभरापूर्वी रुजू झालेल्या. त्यांनी एकेक कागद उलटून पाहिला.

"जया, हा रकाना सगळीकडे कोरा कसा?"

रकाना होता, गेल्या सहा महिन्यांत इंजेक्शन घेतलं का, कुणाकडून.

"विचारायचं राहिलं, मॅडम."

"बावीस घरांत राहिलं?"

जया विसरली नव्हतीच. उत्तर तिला माहीत होतं, आणि ते तिच्या बापाच्या घरात राहत होतं.

तिचे वडील देवीलाल तरुणपणी महागावच्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टर वारल्यावर ते तांड्यावर परतले आणि लोकांना सुई देऊ लागले. दवाखाना चौदा किलोमीटरवर, देवीलाल मात्र हाकेला ओ देणारे. जयाला नर्सिंगला त्यांनीच घातलं. सुट्टीत ती घरी आली की अंगणात बसवून वांग्यात सुई टोचायला शिकवायचे.

"ही कावीळ पाण्याची नाही," फरहा हळू आवाजात म्हणाल्या. "रक्तातून पसरणारी आहे. अंगात शिरली तरी दोन-तीन महिने कळत नाही. श्रावण-भादव्यात काय झालं ते विचारावं लागेल. तुला जमत नसेल तर मी जाते."

"मीच जाते, मॅडम."

दुसऱ्या दिवशी ती आधी सुखीबाईकडे गेली. म्हातारी खाटेवर पडून होती, डोळे हळदीसारखे.

"काकी, भादव्यात सुई घेतली होती काय?"

"घेतली ना. निंदणाच्या वक्ताले ताप होता. सकाऊन तुह्या बापानं सुई देल्ली, अन् दुपारी मी वावरात. काहून इचारतं?"

पुढच्या घरीही तेच, त्याच्या पुढच्याही. संध्याकाळी जया माहेरच्या ओट्यावर चढली तेव्हा देवीलाल बायकोच्या तोंडात चमच्यानं साखरपाणी घालत होते. जयाची आई मानीबाईही पिवळी पडली होती, चार दिवसांपासून काही खात नव्हती.

"बा, भादव्यात एका दिवसात किती जनायले सुई देत होता?"

"वीस-पंचवीस. समद्यायले वावरात जाची घाई."

"सुया किती होत्या?"

"दोन. मंग? थर्मासच्या गरम पाण्यानं धूत होतो ना दर खेपेस."

"उकळत नव्हता?"

"स्टो पेटवाले टाइम कुठी होता, जया? दारात लाईन लागे."

तिनं त्यांना समजावून सांगितलं. एकाच्या अंगातलं रक्त सुईच्या टोकाला कसं राहतं, डोळ्यांना दिसत नाही, आणि दुसऱ्याच्या अंगात कसं जातं. देवीलाल ऐकत राहिले. मग त्यांनी खाटेकडे पाहिलं.

"रामधनले टोचली, अन् त्याच्या मागून तुह्या याडीले. तिले ताप होता त्या दिवशी." त्यांनी चमचा वाटीत ठेवला. "मंजे कावीळ मीच देल्ली तिले?"

जया आईच्या पायथ्याशी बसली आणि म्हणाली, "बा, ज्यायले सुई देल्ली त्या समद्यायचे नावं सांग. रक्त तपासा लागते."

नोंद कुठंच नव्हती. पण देवीलाल माणूस विसरत नसत. कुणाचा ताप, कुणाची कंबर, कोणता दंड, सगळं त्यांनी सांगितलं. गेलेल्यांची नावंही सोडली नाहीत. अठ्ठेचाळीस झाली. जयानं कोरे रकाने भरले आणि यादी आरोग्य केंद्रात दिली.

तांडा मात्र उलटला. तांड्याचा मुखिया नाईक हिरासिंग जयावर ओरडला, "देवमाणसावर कागद लिवतं? सोताच्या बापावर?" लोकांनी दारं लावून घेतली, रक्त देईना कोणी. तेव्हा देवीलाल स्वतः तिच्यासोबत निघाले. प्रत्येक अंगणात उभे राहून हात जोडत म्हणाले, "माह्या सुईनं झालं बाप्पा. रक्त द्या. पोरीले नाही म्हनू नका." रामधनच्या बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि हात पुढं केला.

तिसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राच्या तक्रारीवरून पोलीस आले. देवीलालनी चप्पल घातली आणि ते जीपमध्ये जाऊन बसले.

पौषात मानीबाई गेली. कोठडीतून देवीलालना दोन तासांसाठी आणलं. त्यांनी अग्नी दिला आणि जयाजवळ येऊन उभे राहिले.

"कितीजनायच्या रक्तात निघाली?"

"एकोणीस."

"तपासाचं कोनी राह्यलं?"

"शेजारच्या पूनमसिंगचे दोघं भाऊ. मारेगावले कापसाच्या जिनिंगवर कामाले गेलेत."

"त्यायले भेट. उशीर नको करू." हवालदारानं हाक मारली तसे ते वळले.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर जयानं रक्त घ्यायच्या रिकाम्या बाटल्यांचा डबा पिशवीत घातला आणि मारेगावच्या गाडीची वाट पाहत फाट्यावर उभी राहिली.