माळावरचं काळं सूर्यफूल

उत्कर्षाला सपाट, मोकळा माळ हवा होता आणि तिच्या हंबीरमामांकडे जतला तसा माळ होता. ती पुण्याहून टेम्पो भरून आली. ग्रामपंचायतीची निवडणूक लागलीय, हे तिच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचा थेट फोटो काढायचा, तर आधी ताऱ्याचा झगझगाट अडवावा लागतो. त्यासाठी अवकाशातल्या दुर्बिणीच्या पुढं, हजारो किलोमीटरवर, एक अवाढव्य पडदा तरंगत ठेवायची कल्पना आहे. उत्कर्षाचं संशोधन त्याच पडद्याच्या नमुन्यावर चाललं होतं. पुरुषभर उंच, काळाकुट्ट, कडेनं टोकदार पाकळ्या. तो तिनं माळाच्या मधोमध बांबूवर चढवला, पलीकडच्या टोकाला मोठा दिवा आणि अलीकडं कॅमेरा लावला, आणि दिवस मावळेपर्यंत चहा घ्यावा म्हणून घरी आली.

मामा डोक्याला हात लावून बसले होते.

"अगं, जयराजच्या पॅनेलचं चिन्ह सूर्यफूल हाय," ते म्हणाले. "आमची कपबशी. आन तू माझ्याच रानात त्याचं फूल उभं केलंस? सगळं गाव इचारतंय, हंबीररावांनी माघार घेतली का म्हणून."

"मामा, ते फूल नाही, पडदा आहे."

"मग पाकळ्या काप. गोल कर."

"गोल केला तर कडेवरून उजेड वळून आत येतो. पाकळ्या असल्या की तो फार कमी येतो."

मामांनी विचार केला. "कपबशीचा आकार चालंल का?"

उत्कर्षानं हसू कसंबसं चहाबरोबर गिळलं. तेवढ्यात जयराजच दारात उभा राहिला.

"आवं हंबीरराव, आमच्या फुलाला काळं फासून माळावर टांगलंय तुमी. ही बदनामी हाय."

एकाला तो विरोधकाचा प्रचार वाटत होता, दुसऱ्याला स्वतःची बदनामी. पडदा उतरवायचा, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत झालं.

"उतरवा," उत्कर्षा म्हणाली, "पण आधी एकदा बघून घ्या."

दिवेलागणीला तिघं माळावर गेले. तिनं कॅमेरा थोडा बाजूला सरकवला. लॅपटॉपवर नुसता पांढरा भपका दिसला.

"मोठ्या दिव्याशेजारी एक बारीक दिवा ठेवलाय. तो ग्रह समजा. दिसतोय?"

"न्हाई बा," दोघं म्हणाले.

तिनं कॅमेरा पुन्हा पडद्याच्या सावलीत आणला. भपका गेला. काळोखात मोहरीएवढा ठिपका उजळला. दोघं पुढं वाकले, आणि मग त्या ठिपक्याशेजारी आणखी एक ठिपका आला. लाल. तो हळूच वर गेला, खाली आला.

उत्कर्षाला वाटलं, आपलं गणित कुठंतरी चुकलं. तिनं चित्र मोठं केलं. ठिपक्यामागं पागोटं होतं.

"ह्यो आकाराम धनगर," मामा म्हणाले. "बिडी वढतोय."

"त्याच्या घरात सात मतं हायती," जयराज हळूच म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही एकदमच तिकडं सुटले. लॅपटॉपवर त्यांच्या हातातल्या बॅटऱ्यांचे दोन ठिपके एकमेकांना मागं टाकत लाल ठिपक्याकडं निघाले. आकारामनं दोघांनाही होकार दिला आणि मेंढरं हाकत तो वस्तीकडं गेला. पाठोपाठ ते दोघंही बोलत बोलत गावाकडं वळले. पडदा उतरवायचं कुणालाच आठवलं नाही.

माळ शांत झाला. उत्कर्षा मांडी घालून बसली आणि तिनं एकामागून एक फोटो घ्यायला सुरुवात केली.