नानच्या रांगेतला शब्द

"आज कोणतं नवं बाळ आणलंस, इश्रत खानुम?" नान भाजणारा नानवाई भट्टीत तोंड घालूनच ओरडला आणि सगळी रांग हसली.

इश्रतची नोकरीच तशी. तेहरानमधल्या एका शब्दसमितीत ती टंकलेखिका. समितीतले विद्वान एका शब्दाचं शेपूट दुसऱ्याला जोडून समाजाच्या मोठमोठ्या कल्पनांसाठी नवे फारसी शब्द घडवत. ते लोकांच्या तोंडी बसतात का हे पाहायला इश्रत दुपारी ते नानच्या रांगेत सोडून देई. मागच्या शब्दाबद्दल एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "हा खायचा, की डोक्याला लावायचा?" तो शब्द तिथंच मेला.

आजचा शब्द सकाळीच घडला होता. गुमकर्दगी. म्हणजे माणसाचं आपोआप हरवणं नव्हे, दुसऱ्या कुणीतरी त्याला गायब करणं. टाइप करताना इश्रतनं तो दोनदा चुकवला होता. तिचा भाऊ सियामक कॉलेजात म्हणून गेला, तो परतलाच नव्हता. "हरवलाय तो. हरवलेल्याला वाट सापडते," असं म्हणत आई रोज त्याचं ताट मांडी.

"काय सांगायचं," इश्रत कशीबशी बोलली, "हल्ली गुमकर्दगी फार वाढलीय."

कुणी हसलं नाही. कुणी अर्थही विचारला नाही. ज्यांवर नान भाजतात ते भट्टीतले तापलेले खडे तेवढे तडतडत होते.

"आमच्या थोरल्याची झाली," पुढची बाई मागे न वळता म्हणाली.

"माझ्या नवऱ्याची," मागून आवाज आला.

"हळू बोला गं बायांनो," नानवाई कुजबुजला. या माणसाला कुजबुजता येतं हे कुणाला माहीत नव्हतं.

इश्रत घाबरली. शब्द जणू कधीचा या रांगेत उभा होता.

ऑफिसात समितीच्या डॉक्टर साबेरींनी चष्म्यावरून पाहिलं. "काय, हसले का लोक?"

"पोट धरधरून हसले, साहेब." कामात ती पहिल्यांदाच खोटं बोलली. तो शब्द छापून आला आणि आईच्या कानावर गेला, तर ती कशाच्या आशेवर जगणार? साबेरींनी शब्दावर काट मारली. आई वाचली, असं इश्रतला वाटलं.

घरी जेवणाची चादर अंथरलेली होती. ताटं दोनच होती.

"आई, सियामकचं ताट?"

"धुऊन ठेवलं," आई शांतपणे म्हणाली. "तो हरवला नाही गं पोरी. गुमकर्दगी झालीय त्याची."

"कोण आलं होतं घरी?"

"कोण येणार आपल्याकडे? खिडकीखाली सकाळपासून सगळे तेच बोलताहेत."

सकाळी तर तो शब्द समितीच्या बाहेरही पडला नव्हता. इश्रतनं खिडकी उघडून पाहिलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

घरी येताना सवयीनं आणलेला तिसरा नान अजून गरम होता. त्याला चिकटलेला खडा आईनं नखानं काढला. मग तो नान कुठं ठेवायचा, ते दोघींनाही कळेना.