आपली एकादशी आज

माझे दोन्ही हात पलंगाच्या कठड्याला बांधलेले होते आणि नाकाच्या शेंड्यावर माशी बसली होती. धारवाडच्या कोर्टात भल्याभल्यांची बोबडी वळवणारा मी, प्रभंजन वकील, त्या माशीपुढे हतबल होतो.

हुबळीला देशपांडे नगरातल्या या इस्पितळात माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. भुलीतून उठल्यावर माझं डोकं फिरलं, हे मी कबूल करतो. लघवीला लागली असं वाटून मी सलाईनची नळीच जानवं समजून कानाला अडकवायला गेलो आणि सुई उपसून बाहेर आली. रक्त, आरडाओरडा, आणि मग या मऊ पट्ट्या. मऊ म्हणे! बेडी ती बेडीच.

पण ती कालची गोष्ट. आज सकाळी मी लख्ख शुद्धीवर होतो. ऑपरेशननंतर म्हाताऱ्यांना होणाऱ्या या भ्रमावरच डॉक्टर भार्गवी संशोधन करत होती. मुलगी चांगली. "बांधल्यानं भ्रम वाढतो असं आता सगळे अभ्यास सांगतात," ती म्हणाली. "मलाही हे नकोच आहे. पण एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड. तुमच्याजवळ रात्रंदिवस बसायचं कुणी?" मग तिने कानडीत रोजचे प्रश्न सुरू केले, पहिला आजचा वार कोणता. "इवत्त याव वार री, अज्जार?"

"गुरुवार. एकादशी," मी म्हणालो. "म्हणून मी आज काही खाणार नाही. पाणीसुद्धा नाही."

माझी सून शुभांगी फोनमध्ये बघून हळूच म्हणाली, "अप्पा, एकादशी काल झाली."

माझं पित्त खवळलं. "ती तुझ्या माहेरची, स्मार्तांची! आम्ही माध्व वैष्णव. पहाटे दशमी उरली असली की आमची एकादशी दुसऱ्या दिवशी. सुधींद्र, सांग तुझ्या बायकोला!"

सुधींद्र, आमचे चिरंजीव, खिडकीबाहेर बघू लागले. त्याला एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी, एवढंच ठाऊक.

"मग अंबूआत्याला फोन लाव," मी म्हणालो. अंबूताई माझी बहीण, धाकटी असूनही सगळ्यांची ताई. आमच्याच घरी असते, पंचांग तिला पाठ.

"आत्या सोवळ्यात असेल, अप्पा. दुपारपर्यंत ती फोनला शिवत नाही," सुधींद्र म्हणाला.

खरं होतं. घरात तो नियम मीच घातला होता.

भार्गवी पलंगाच्या कडेवर बसली. "पोटात पाणी गेलं नाही तर मूत्रपिंडावर ताण येईल, सलाईन परत लावावं लागेल. सलाईन लावलं की हात बांधलेलेच राहणार. खाल्लंत, प्यायलात, तर आत्ता सोडते."

"आणि आजाऱ्याला एकादशी माफ असते," सुधींद्रला एकाएकी शास्त्र आठवलं.

असते ना माफ. पण माफी आपण शहाणपणानं मागायची असते, वेड्यात निघून नव्हे. मुंज झाल्यापासून मी एकही एकादशी मोडली नव्हती. बायको गेली त्या आठवड्यातही नाही. पण मनगटं ठणकत होती. बोटांवर जप मोजता येत नव्हता, कूस बदलता येत नव्हती. मला भीती वाटत होती, खरीखुरी भीती, की आणखी एक रात्र असा पडलो तर मी खरंच वेडा होईन. निर्दोष अशिलांनाही मी पुष्कळदा हाच सल्ला देत आलो: बाबा रे, कबूल कर, दंड भर आणि घरी जा.

"एकादशी कालच झाली," मी म्हणालो. "चुकलं माझं. आणा ते उप्पीट."

सगळ्यांचे चेहरे उजळले. शुभांगीने भरवलं, वर पेलाभर पाणी पाजलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीच्या नावावर खपून गेलं. भार्गवीने स्वतः पट्ट्या सोडल्या आणि सिस्टर रेश्माला बजावलं, "परत गोंधळले तर मात्र बांधा." मी आधी नाक खाजवलं. इतकं सुख झालं की माझी मलाच लाज वाटली.

दुपारी सुधींद्र आणि शुभांगी माझ्यासाठी वॉकर आणायला कोप्पीकर रोडला गेले. मी बोटांवर जप मोजत पडलो होतो. उशाशी माझा फोन वाजला. रेश्माने तो स्पीकरवर टाकून माझ्यापुढे धरला.

"अण्णा, आत्ताच सोवळं सोडलं बघ," अंबूताईचा आवाज उपासाने सुकलेला होता. "आज आपली एकादशी. स्मार्तांची काल झाली. तुला तिथं कुणी काही भरवलं नाही ना? मी देवापुढं सांगून बसलेय, माझ्या अण्णानं जन्मात एकादशी मोडली नाही, त्याला चालवत घरी आण म्हणून."

मी रेश्माकडे पाहिलं. सकाळची रिकामी ताटली तिनेच उचलली होती.

"नाही गं," मी म्हणालो. "सकाळपासून पाण्याचा थेंब नाही तोंडात."

रेश्माच्या चेहऱ्यावर कीव दाटून आली. तिने मान हलवली आणि मोकळ्या हाताने कठड्यावरची पट्टी ओढून घेतली. 'मला सगळं आठवतंय, मी मुद्दाम खोटं बोललो,' एवढं म्हटलं की सुटलो असतो. पण ते अंबूताईनेही ऐकलं असतं.

"मग तू नुसता ऐकत पड," अंबूताई म्हणाली आणि तिने स्तोत्र सुरू केलं. ते पुष्कळ लांब आहे. मी दोन्ही हात रेश्मापुढे केले.