मातीतून आलेलं अंगुस्तान

मित्रांनो, उजव्या हाताचं मधलं बोट जरा पुढे करा. त्याच्या टोकावर नीट बसेल, एवढीच माझी उंची. मी एक जुनं अंगुस्तान आहे. शिवताना बोटाला सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात, ती पितळेची टोपी म्हणजे अंगुस्तान. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल, कारण आता कपडा फाटला की शिवत नाहीत, टाकून देतात. मला त्याचा राग नाही. जन्मभर टोचून घ्यायचा धंदा केला की राग लवकर येत नाही.

माझा जन्म चारशे वर्षांपूर्वीचा, जर्मनीतल्या न्युरेंबर्ग शहरातला. तिथे एका कारागिरानं पितळेचा पातळ पत्रा साच्यात ठोकून मला घडवलं आणि मग लहानशा पोगरानं, म्हणजे ठोकायच्या टोकदार हत्यारानं, माझ्या अंगावर खळगे पाडले, एकामागून एक, गोल गोल वर चढत जाणारे. या खळग्यांमुळे सुईचं मागचं टोक घसरत नाही. देवीचे व्रण अंगावर मिरवणारा माझ्यासारखा मीच. काम संपल्यावर त्यानं मला स्वतःच्या बोटात घालून पाहिलं आणि मान डोलावली. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

एका फेरीवाल्यानं मला हॉलंडला नेलं. तिथे एका खलाशाच्या बायकोनं मला घेतलं. तिचं नाव मला ठाऊक नाही. मी माणसं बोटावरून ओळखतो, आणि तिचं बोट बारीक होतं, थंडीत भेगाळायचं. नवरा समुद्रावर गेला की ती त्याचे सदरे ठीकठाक करत बसायची. सुई माझ्यावर टेकायची, मी जोर लावायचो, टाका पडायचा. आमचं छान जमलं होतं.

एके दिवशी मी तिच्या बोटातून निसटलो आणि भाजीच्या सालपटांत पडलो. सालपटं उकिरड्यावर गेली, उकिरडा खत म्हणून शेतात गेला. अशी माझी मळ्यात रवानगी झाली. मग पिढ्यान् पिढ्या नांगर माझ्या डोक्यावरून जात राहिले. शेजारी बटाटे यायचे आणि जायचे. त्यांच्याशी मैत्री करण्यात अर्थ नसायचा. माझ्या अंगावर मातीचा आणि गंजाचा हिरवा थर चढला. मातीत तसा काही त्रास नसतो, पण तिथे बोट नसतं, आणि बोटाशिवाय अंगुस्तानाला जगण्यात गंमत नाही.

शेवटी एका म्हाताऱ्याला मी सापडलो. जमिनीतला धातू हुडकणारं यंत्र घेऊन तो रिकाम्या शेतांतून हिंडायचा. त्यानं मला बिस्किटांच्या डब्यात ठेवलं आणि पुढे तो वारल्यावर मुलांनी डबा लिलावाला दिला. एका पुठ्ठ्यावर आम्हाला ओळीनं मांडलं: सरदाराच्या कमरपट्ट्याचं बक्कल, शिशाचा चकता, वाकडा चमचा आणि सगळ्यात शेवटी मी. आमचा फोटो इंटरनेटवरून जगभर गेला आणि तसाच सोलापूरलाही पोचला.

सोलापुरात महेश्वर कलशेट्टी यांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना नंबर काढून द्यायचा आणि संध्याकाळी गिऱ्हाईक पातळ झालं की मोबाइलवर युरोपातले लिलाव बघत बसायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा छंद. त्यांना जुन्या युरोपातली एक तरी खरी वस्तू हवी होती. अंगठी, चावी, पदक, काहीही. पण दर वेळी शेवटच्या क्षणी परदेशातलं कुणीतरी वरची बोली लावायचं आणि महेश्वर मोबाइल पालथा घालून काचा पुसायला लागायचे.

गावात जुन्या वस्तूंच्या संग्राहकांचं मंडळ आहे. दसऱ्यानंतर त्यांचं प्रदर्शन भरतं. कुणी आदिलशाही नाणी मांडतं, कुणी अडकित्ते, कुणी कुलपं. मंडळाचे अध्यक्ष शरणप्पा यांनी एकदा सगळ्यांदेखत महेश्वरना विचारलं होतं, नुसते फोटो बघून कुणी संग्राहक होतो का? ते महेश्वरच्या जिव्हारी लागलं. या वर्षी आपलं टेबल मांडायचंच, असं त्यांनी ठरवलं, आणि देवानं त्यांचं ऐकलं. आमच्या पुठ्ठ्यावर दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही.

खरं सांगायचं तर त्यांना बक्कल हवं होतं. मी आपला भाजीबरोबर मिळणाऱ्या कोथिंबिरीसारखा सोबत आलो. पार्सल उघडल्यावर बक्कलाचं कौतुक झालं, चमच्याचं झालं, मग महेश्वरनी मला उचललं, सहज बोटात घातलं आणि टेबलावर टकटक वाजवून पाहिलं. माझ्या लगेच लक्षात आलं. हे बोट शिंप्याचं नव्हतं, पण शिंप्याच्या घरातलं होतं.

त्यांचे वडील सिद्धप्पा सोलापूरच्याच बाळीवेशीत कपडे शिवायचे. पोरगं मशीनच्या पायाशी बसून अभ्यास करायचं आणि वरून हातशिलाई करताना वाजणारी अंगुस्तानाची टकटक ऐकायचं. महेश्वरनी बक्कल बाजूला ठेवलं आणि लाल मखमलीची डबी मला दिली. ‘अंगुस्तान, जर्मनी, सुमारे चारशे वर्षांपूर्वीचं’ अशी सुरेख चिठ्ठी माझ्यासाठी लिहिली. टेबलाच्या मधोमध मीच बसणार, हे नक्की झालं. बक्कल जरा फुगून बसलं, पण मी लक्ष दिलं नाही.

प्रदर्शनाच्या आधी खंडेनवमी आली. या दिवशी घरोघरी हत्यारं धुऊन पुसून पुजतात, हे तुम्हाला माहीत आहेच. महेश्वरच्या पत्नी नवरात्रासाठी दुधनीला माहेरी गेल्या होत्या. घरात होत्या महेश्वरच्या आई, शिवबाई. सिद्धप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांचं मशीन, कात्री आणि इस्त्री शिवबाई दर खंडेनवमीला स्वतः घासायच्या. महेश्वर सकाळी दुकानातल्या यंत्रांची पूजा करायला गेले आणि जाताना माझी डबी उघडीच राहिली.

शिवबाईंनी मला पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग मला मोरीत नेलं आणि चिंच, मीठ, राख घेऊन असं काही घासलं, की मला बालपण आठवलं. हिरवा थर गेला, खळग्यांतली माती गेली. मित्रांनो, जुन्या वस्तूचा तो थर म्हणजे तिच्या वयाचा पुरावा असतो आणि संग्राहक त्याला जिवापाड जपतात. हे सगळं मला कळत होतं. पण मला गुदगुल्या होत होत्या, त्याला मी तरी काय करणार?

त्यांनी मला ताटात कात्रीशेजारी ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. इतक्यात महेश्वर आले. त्यांनी आधी रिकाम्या डबीत पाहिलं, मग ताटात. मी सोन्यासारखा चमकत होतो. कालच बाजारातून आणल्यासारखा.

“अव्वा, हे काय केलीस?” ते म्हणाले. “चारशे वर्षं पुसून टाकलीस की.”

“माती लागली व्हती, धुतले,” शिवबाई म्हणाल्या. “पूजेत मळकं हत्यार ठेवत्यात व्हय?”

महेश्वर खूप बोलले. प्रदर्शन, शरणप्पा, इतक्या वर्षांची वाट, सगळं बाहेर पडलं. शिवबाईंनी ऐकून घेतलं. त्यांच्या समाजात माणूस गेलं की पुरतात. सिद्धप्पांना नेलं तेव्हा त्यांच्या बोटात अंगुस्तान होतं आणि शिवबाईंनी ते कुणाला काढू दिलं नव्हतं. तेव्हापासून पूजेच्या ताटात कात्रीशेजारची जागा रिकामी राहायची. महेश्वरना हे ठाऊक होतं, पण त्या रागात त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

“तुज्या अप्पाचं मातीत गेलं,” शिवबाई म्हणाल्या. “हे मातीतनं आलं. मला वाटलं, तू त्यासाठीच आणलास.”

महेश्वरनी ताटातलं फूल उचललं, माझ्यावर नीट ठेवलं आणि नमस्कार केला. माझा इतका मोठा सन्मान लिलावात झाला नव्हता.

दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि शिवबाईंनी पेटीतल्या जुन्या साड्या काढल्या. सिद्धप्पांचं अंगुस्तान गेल्यापासून त्यांनी वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला घेतली नव्हती. सुई बोटात रुतते, असं सगळ्यांना सांगायच्या, पण कारण तेवढंच नव्हतं. त्यांनी मला मधल्या बोटात घातलं. बोट खरखरीत होतं, सांध्याला जरा सुजलेलं, उबदार. पहिला टाका पडला आणि माझ्या कानात, म्हणजे असतेच तर, हॉलंडचा वारा वाजला. इतक्या वर्षांनी मी कामावर रुजू झालो होतो. दाराशी महेश्वर उभे होते. टकटक ऐकत ते किती वेळ तसेच उभे राहिले.

प्रदर्शनाच्या दिवशी महेश्वर नुसतं बक्कलच न्यायला निघाले होते. शिवबाईंनीच मला पुढे केलं. “ने की. पण परत दे, कड राहिलीय.” मग त्यांना राहवेना. अर्धी वाकळ पिशवीत घालून त्याही निघाल्या.

मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये आमचं टेबल लागलं. महेश्वरनी मला डबीत बसवलं आणि चिठ्ठी दोनदा सरळ केली. शरणप्पा फिरत फिरत आले. बक्कल पाहिलं, चांगलं म्हणाले. मग चिठ्ठी वाचली, मला उचललं, भिंगाखाली फिरवलं आणि मोठ्यांदा म्हणाले, “चारशे वर्षांचं? हे तर मंगळवार बाजारातलं नवं दिसायलंय.”

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. महेश्वरना काहीतरी थाप मारता आली असती. माझ्यावर औषधाची प्रक्रिया केली आहे, असं सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी एकदा मागे बसलेल्या आईकडे पाहिलं.

“आमच्या अव्वानं घासलंय,” ते म्हणाले. “खंडेनवमीला. चिंचेनं.”

शरणप्पांनी मला खाली ठेवलं. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

“चिंचेनं?” ते म्हणाले. “आमच्या बायकोनं, सावित्रम्मानं, माझी आदिलशाही नाणी लिंबानं धुतली, दिवाळीला. मी आजवर कुणाला सांगितलो न्हाई.”

आणि ते हसायला लागले. मग कुलूपवाल्यांनी कबूल केलं, की त्यांच्या सगळ्यात जुन्या कुलपाला मुलीनं चंदेरी रंग दिला होता. अडकित्तेवाल्यांच्या घरी सगळे अडकित्ते राखेनं लखलखीत झाले होते आणि ते म्हणे मुद्दाम त्यांना अंधाऱ्या कोपऱ्यात मांडत. सगळं सोलापूर सणाच्या आधी भांडी घासतं, तिथे संग्राहकांची घरं कशी सुटणार? सगळे हसत होते, आणि सगळ्यात जास्त महेश्वर.

शिवबाईंना या हसण्यात रस नव्हता. त्यांनी टेबलावरून हात पुढे केला. “झालं असंल बघून, तर द्या की हिकडं.”

महेश्वरनी मला डबीतून काढलं आणि स्वतःच्या हातानं आईच्या बोटात घातलं. शिवबाईंनी वाकळ मांडीवर घेतली आणि कड शिवायला सुरुवात केली. नाण्यांची टेबलं सोडून लोक आमच्याभोवती जमले. बायका टाका जवळून बघायला लागल्या. शरणप्पा खुर्ची ओढून बसले आणि टकटक ऐकत राहिले.

मित्रांनो, जाता जाता एक विनंती करतो. जुनी वस्तू सापडली तर तिला चिंचेनं घासू नका, हे महेश्वरच्या वतीनं सांगतो. तिचं वय तिच्या अंगावर राहू द्या. पण तिला डबीत बंद करून विसरूनही जाऊ नका, हे माझ्या वतीनं. अधूनमधून हातात घ्या. ती कुणाच्या हातात होती, याची विचारपूस करा. आम्हाला माणसांची सवय असते.

माझी मखमली डबी अजून काचेच्या कपाटात आहे, बक्कलाशेजारी. ती रिकामीच असते. पाहुणे विचारतात, आत काय होतं? मग महेश्वर शेजारची चिठ्ठी दाखवतात. त्यांनी जुनी फाडली नाही, फक्त खाली दोन शब्द वाढवले: ‘अंगुस्तान, जर्मनी, सुमारे चारशे वर्षांपूर्वीचं. सध्या वापरात.’